शनिवारचा कुतुबमिनार

दिल्ली मी पहिल्यांदा पाहिली ती शेजाऱ्यांच्या जिवावर. पनवेलला आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब राहायचं. काका मामलेदार कचेरीत कारकून होते आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. चिंचा, गणिताची वही, एकदा तर गोवरसुद्धा आम्ही दोघींनी वाटून घेतला होता.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. त्यांचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला निघून गेले होते आणि आता यांचंही ठरलं होतं. काका म्हणाले, "ज्या देशात जन्म काढला त्याची राजधानी न बघता जायचं, हे काही बरं नाही." मुलीनं हट्ट धरला, मी बरोबर नसेन तर तीही दिल्लीला जाणार नाही. आमच्या घरून परवानगी मिळाली. निघायच्या आधी प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांच्याकडे प्रार्थना आणि मलिद्याचं ताट झालं, माझ्या आईनं दशम्या बांधून दिल्या.

गाडी इतकी रखडली की एक दिवस प्रवासातच बुडाला. तरी लाल किल्ला झाला, राजघाट झाला, इंडिया गेटपाशी आम्ही दोघींनी शेंगा खाल्ल्या. जंतरमंतरमध्ये काका सावली बघून वेळ सांगायला गेले आणि तासाभराने चुकले. आम्ही हसून हसून बेजार झालो. ती जाणार आहे, हे मी त्या दोन दिवसांत एकदाही तोंडातून काढलं नाही. तिनंही नाही.

राहिला कुतुबमिनार, आणि उजाडला शनिवार; रविवारी पहाटे तर परतीची गाडी. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, गाडीत बसायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. दिल्लीला आले म्हणून नियम मोडणाऱ्यांतले काका नव्हते. "मिनार राहिला तर राहू दे," ते म्हणाले. मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी धर्मशाळेत आमच्या शेजारच्या खोलीत उतरलेल्या नागपूरच्या बाईंना विचारलं. त्या सहकुटुंब बसनं निघालेल्याच होत्या. मला न्यायला तयार झाल्या.

मैत्रीण धर्मशाळेच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "थांब ना ग. आज नुसतं बसू, गप्पा मारू."

"गप्पा पनवेलला जाऊन मारू की," मी म्हटलं, "मिनार काय तिथं येणार आहे?"

मी अशीच होते. समोर असेल ते दिसायचं, बाकी नाही.

मिनार मी भराभर चढले. वरून सगळं पाहून घेतलं आणि लगेच कंटाळले, कारण दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. खाली तो जुना लोखंडी खांब. त्याला पाठ टेकून मागे हात नेऊन कवेत घेता आला तर मनातलं पुरं होतं, असं बाईंनी सांगितलं. मी पाठ टेकली. मनात म्हटलं, ती जाऊ नये. पहिल्यांदाच ते शब्द मनात आले आणि माझे डोळे भरले. बाईंनी माझी मनगटं ओढली, "अजून थोडं, पोरी." तरी बोटांत वीतभर अंतर राहिलंच.

परतले तेव्हा ती त्याच पायरीवर होती. आदल्या दिवशी करून ठेवलेल्या पोळी-भाजीतला माझा वाटा तिनं झाकून ठेवला होता. मी तर नागपूरकरांबरोबर जेवून आले होते.

तिनं सगळं विचारून घेतलं. पायऱ्या किती, वरून काय दिसतं. खांबाचं सांगितल्यावर म्हणाली, "मग काय मागितलंस?"

खरं सांगायची मला लाज वाटली. सांगितलं असतं तर मी तिथं रडलेच असते. म्हटलं, "मॅट्रिकला पहिला वर्ग."

"मिळेल तुला," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पनवेलला गप्पा झाल्याच नाहीत. घरात पेट्या, पाहुणे, भांड्यांची वाटावाटी. दीड महिन्यात ते गेले. तिची काही पत्रं आली, मी उत्तरं पाठवली, पण त्या शनिवारचं मला लिहिता आलं नाही. मग पत्रंही थांबली.

मॅट्रिकला मला पहिला वर्ग मिळाला.