संजयच्या दगडावरची धार

मित्रांनो, इथे जयपुरात संजयला वस्तऱ्याने दाढी करायला मीच शिकवलं. वस्तऱ्याला शेवटची बारीक धार देण्यासाठी कुठला दगड घ्यावा, यावर मी महिनोन्महिने वाचलं आणि जर्मनीहून एक मागवला. संजयने झोटवाड्यातल्या फरशीवाल्याकडून काळ्या दगडाचा एक तुकडा उचलून आणला.

आज सकाळी तो घेऊन आला. "दादा, वापरून तर बघा. मतलब, मला तरी बरा वाटतोय."

माझ्याकडे दोन सारखे वस्तरे आहेत. एकाला माझ्या दगडावर धार दिली, दुसऱ्याला त्याच्या. डावा गाल पहिल्याने केला, उजवा दुसऱ्याने. मग काही न सांगता बायकोला विचारलं, कुठला गुळगुळीत?

तिने हात फिरवला. "उजवा लहान बाळाचा वाटतोय. डावा तुमचाच आहे."

संजय हसला, मीही हसलो. आत मात्र जळत होतो. माझ्या दगडावर घाई झाली असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण घाई झाली नव्हती.

निघताना तो म्हणाला, "तुम्हीच ठेवा हा." मी नको म्हटलं.

तो हा ग्रुप वाचतो, म्हणून इथेच लिहितो. संजय, तुझा दगड सरस आहे, आणि मला त्याचा आनंद झालेला नाही.

आपण शिकवलेला माणूस पुढे गेला की तुम्हाला खरंच आनंद होतो का?