डाव्या कोपऱ्यातला अंगठा

कोणत्याही संगणकासमोर बसले की ते आधी डाव्या हाताचा अंगठा पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवत. क्षणभर थांबत. मग उजवा हात माउसकडे जाई. आम्हाला तो नमस्कार वाटे. दुकानदार सकाळी उंबऱ्याला हात लावतो तसा. कार्यालयात काही जण त्याची नक्कल करत. मीही एकदोनदा केली आहे.

आमचे वर्तमानपत्र जिल्ह्यापुरते. मी पुरवणी विभागात. कोल्हापूरच्या कार्यालयात अठरा संगणक होते आणि ते सांभाळायला हे एकटे; सगळे त्यांना 'सिस्टीम' म्हणत. कुरुंदवाडहून रोज एसटीने येत. पंचावन्नच्या आसपासचे, अंगात इस्त्रीचा बुशकोट, खिशाला पेन नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत पेन न बाळगणारा माणूस सहसा सापडत नाही. पण त्याचे कारण विचारावे असे कोणाला वाटले नाही. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. रोज दिसतो, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या कानाशेजारी कुठेतरी पाहत. नवख्यांना तो उर्मटपणा वाटे. तक्रार घेऊन गेले की पहिला प्रश्न ठरलेला.

"चालतंय न्हवं?"

"चालतंय, पण..."

"मग हात लावू नका."

कार्यालयातले संगणक त्यांनीच लिनक्स या मोफत प्रणालीवर आणले होते. त्यात आतले यंत्र वेगळे आणि समोर दिसणारी मांडणी वेगळी. खालची पट्टी, कोपऱ्यातले मेनूचे बटण, खिडकी बंद करायची फुली, हो की नको असे विचारणाऱ्या चौकटी, हे सगळे त्या मांडणीत येते. आम्ही तिला नुसते डेस्कटॉप म्हणायचो. तिची नवी आवृत्ती अधूनमधून येई आणि ती कधी घ्यायची हे तेच ठरवत. बहुतेक वेळा 'आत्ता नको' असे ठरे.

पाने लावणाऱ्या शिंदे वहिनी त्यांच्या खनपटीला बसत.

"ओ सिस्टीम, माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर कसलं झ्याक दिसतंय सगळं. आमचं म्हंजे जुनं एसटी स्टँड."

"अक्का, स्टँड जुनं असू दे. गाडी कुठं लागती ते ठावं हाय न्हवं?"

"ते हाय की."

"मग बसा गप."

त्यांच्याकडे कारणे असत. दिवाळी अंक तोंडावर आहे. निवडणूक आहे. नवी आवृत्ती आली की सहा महिने ती दुसऱ्यांना भोगू द्यावी, त्यांच्या तक्रारी संपल्या की आपण घ्यावी. शेजारच्या एका छापखान्याने घाई केली आणि दोन दिवस त्यांचा एकही प्रिंटर चालला नाही. तेव्हापासून व्यवस्थापकही त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत.

मला जे कळले ते बसस्थानकावर कळले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. मी फलाटावर उभा होतो. ते माझ्यासमोर येऊन थांबले आणि म्हणाले, "पावणं, ही कुरुंदवाडची काय?"

बसच्या कपाळावर हातभर अक्षरांत कुरुंदवाड लिहिले होते. आणि त्याच दिवशी दुपारी आम्ही एका टेबलावर बसून डबा खाल्ला होता.

"होय," मी म्हणालो.

आवाजावरून त्यांनी मला ओळखले. बसमध्ये चढले नाहीत. बाकावर बसले, मी शेजारी बसलो. बस निघून गेली.

"मधलं गेलंय," ते म्हणाले. "कडंचं दिसतंय. रस्ता दिसतोय, माणूस दिसतोय. बघतोय ते सोडून सगळं दिसतंय बघा."

"कधीपासून?"

"दोन वर्सं. डॉक्टर म्हणला, आता हाय ते हाय. कमीच हुईल, वाढायचं न्हाय."

"ऑफिसात कोणाला माहीत आहे?"

"तुमाला. आत्ता."

आज्ञा टाइप करायच्या त्या बोटांच्या सवयीने होत होत्या. बाकीचे काम अंगठ्याने. कोपऱ्यापासून मेनू अर्धे बोट. मेनूपासून प्रिंटर चार बोटे वर. चौकट आली की ती पडद्याच्या मधोमध. डावे बटण नको, उजवे बटण होय. अठरा पडदे एका मापाचे होते. ते त्यांनीच मुद्दाम एका मापाचे मागवले होते, हेही मला त्या दिवशी कळले.

मी म्हणालो, अक्षरे मोठी करता येतात. पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोयही आहे.

"बोलणारा कंप्युटर? मग भिंतीला पोस्टरच लावतो की, सिस्टीमवाला आंधळा हाय म्हणून." ते हसले. "तीन वर्सं ऱ्हायल्यात. तेवढी ह्याच पट्टीवर काढायची. डेस्कटॉप हलला की मी संपलो. तुमी बोलू नका."

मी बातमीदार आहे. माहिती दडवणे हे माझे काम नाही. तरी मी ती दडवली.

त्यानंतर त्यांची कारणे मी वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. अडचण एवढीच होती की कारणे खोटी नव्हती. दिवाळी अंक खरोखरच तोंडावर असे. नव्या आवृत्तीत खरोखरच चुका असत. शहाणपण कुठे थांबते आणि भीती कुठे सुरू होते, याची रेघ मला शोधूनही सापडली नाही. त्यांनाही सापडत असेल असे वाटत नाही.

उन्हाळ्यात प्रत्येक पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहान पिवळा त्रिकोण दिसू लागला. या आवृत्तीला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, असे त्यावर माउसचा बाण नेल्यावर लिहून येई. पावसाळ्यात तो लाल झाला. तो त्रिकोण अठरा पडद्यांवर होता. तो ज्याला दिसत नव्हता असा माणूस कार्यालयात एकच होता.

"सिस्टीम, ते तांबडं काय म्हणायचं?" वहिनींनी विचारले.

"कुठलं?"

"अवो, हे काय, तुमच्या नाकासमोर."

 "असू दे. चालतंय न्हवं?" ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी 'हात लावू नका' म्हटले नाही.

गणपती झाल्यावर व्यवस्थापकांनी सर्वांसमोर सांगितले की पाने लावण्याचे नवे सॉफ्टवेअर येत आहे, ते जुन्या डेस्कटॉपवर चालणार नाही. "खंडेनवमीच्या आत सगळी मशीन नवी दिसली पाहिजेत. पूजा नव्या रूपाची करू."

"करू की," ते म्हणाले. कोणाच्या तरी कानाशेजारी पाहत.

पहिला संगणक त्यांनी माझा बदलला. "तुमचा बिघडला तर तुमी बोंबलणार न्हाय," हे त्यांचे कारण. मग तीन आठवडे, दुपारी सगळे जेवायला गेले की ते माझ्या खुर्चीत बसत आणि मी शेजारी उभा राही.

"सांगा. काय कुठं हाय?"

"मेनू वर गेलाय. डावीकडेच, पण वरच्या कोपऱ्यात."

"ऱ्हाऊ दे वर. माझा कोपरा ह्योच." अंगठा खालीच होता. त्यांनी बोटे मोजली. "सतरा बोटं. फुडं?"

मी पट्टी घेऊन पडदा मोजला. बातमी लिहावी तसे सगळे एका कागदावर उतरवले: काय, कुठे, किती अंतरावर. एकूण एकोणीस कलमे झाली. तो कागद त्यांना वाचता येणार नव्हता. मी वाचायचो, ते पाठ करायचे. मेनूतली यादी आधी दर वेळी आपोआप क्रम बदलत होती. त्यावर ते चिडले. "ह्याला जागाच न्हाय ओ! आज हितं, उद्या तितं. असल्यात माणसानं जायाचं कसं?" ती सोय मी बंद करून दिली. तिसऱ्या आठवड्यात ते न अडखळता प्रिंटरपर्यंत पोहोचले तेव्हा आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. डबा धुऊन परतलेल्या वहिनी दारात थांबून आमच्याकडे पाहत होत्या. किती वेळ थांबल्या होत्या, ते मला माहीत नाही.

उरलेल्या मशीनसाठी त्यांनी शनिवारची दुपार निवडली. रविवारची पुरवणी गेलेली असते, संध्याकाळपर्यंत पाने लावायची नसतात. त्यांचा नियम होता की आधी सगळे दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे, मग यंत्राला हात. त्या दिवशीही त्यांनी तो पाळला, निदान तशी त्यांची समजूत होती.

पहिली चार मशीन व्यवस्थित झाली. पाचवे वहिनींचे. पुरवणीचे सगळे जुने फोटो त्याच मशीनवर होते. त्यात श्रद्धांजलीच्या जाहिरातींसाठी लोकांनी दिलेलेही होते. गेलेल्या माणसाचा घरात दुसरा फोटो नाही म्हणून लोक वर्षादोनवर्षांनी येऊन आमच्याकडून प्रत मागून नेत. मशीन पुसून नवी मांडणी बसली. आता बाहेरच्या डिस्कवर उतरवलेले फोटो परत घ्यायचे होते. त्यांनी डिस्क जोडली, अंगठा कोपऱ्यावर टेकवला. मी दोन टेबलांपलीकडे होतो.

पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. ही डिस्क साफ करून नव्याने तयार करायची का, असे ती विचारत होती. जुन्या डेस्कटॉपवर 'नको' डावीकडे असे आणि 'होय' उजवीकडे. नव्यावर ते उलटे आहे. चौकटी मधोमध येतात, हे माझ्या कागदावर चौदावे कलम होते. बटणांची अदलाबदल त्यावर नव्हती. मी तीन आठवडे तीच बटणे वाचून दाबत होतो. वाचणाऱ्याला बाजू लक्षात ठेवावी लागत नाही.

त्यांनी डावे बटण दाबले.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "हे रिकामं कसं काय दाखवतंय?"

ते पडद्याच्या कडेकडे पाहत राहिले. मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. मग अठरा मशीनच्या त्या खोलीत, सगळ्यांसमोर, त्यांनी विचारले:

"काय लिवलंय, अक्का?"

  वहिनींनी पुढे वाकून वाचले. आवाज अगदी हळू होता, घरातल्या आजारी माणसाशी बोलावे तसा.

"डिस्क तयार आहे, असं लिवलंय."

त्यांनी अंगठा काढून घेतला.

दुसरी प्रत निम्म्यावर थांबली होती. जागा अपुरी आहे, असा संदेश पडद्यावर आला असणार आणि त्यांनी एंटर दाबले असणार. निम्मे फोटो राहिले. निम्मे गेले.

व्यवस्थापकांनी त्यांना बोलावले. दार उघडेच होते.

"समोर एवढं स्पष्ट विचारलं होतं. वाचलं नाही का तुम्ही?"

"न्हाय साहेब. वाचलं न्हाय."

हे उत्तर शब्दशः खरे होते. साहेबांनी ते निष्काळजीपणाची कबुली म्हणून घेतले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी की-बोर्डकडे पाहिले. उठून आत जायला मला दहा पावले पुरली असती.

सोमवारी त्यांनी राजीनामा आणून दिला. अक्षर त्यांचे नव्हते. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर स्थानकापर्यंत चाललो. रस्ता ते माझ्यापेक्षा सराईतपणे ओलांडत होते.

"बटणांचं माझ्याकडून राहिलं," मी म्हणालो.

"तुमचं न्हवं. मी इचाराय पायजे हुतं." मग म्हणाले, "दोन वर्सांत एकदा जरी कुणाला इचारलं असतं, काय लिवलंय म्हणून."

बस लागली. बोर्ड मी वाचला. "कुरुंदवाडचीच आहे."

"ठावं हाय," ते म्हणाले. "हितंच लागती ती."

आता मशीन एक बाहेरची कंपनी सांभाळते. त्यांचा माणूस येत नाही. तो कुठूनतरी आत शिरतो आणि आमच्या पडद्यावर बाण आपोआप फिरू लागतो. नवी आवृत्ती कधी घ्यायची हे कोणी विचारत नाही. सकाळी मशीन सुरू केले की काहीतरी हललेले असते. जिल्ह्यातली माणसे अजून फोटोची प्रत मागायला येतात. निम्म्यांना आम्ही देतो.

खंडेनवमीला वहिनींनी ओले फडके घेऊन सगळे पडदे पुसले. प्रत्येकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक तेलकट गोल डाग होता. त्या पुसत पुसत माझ्या टेबलाशी आल्या, डागापाशी त्यांचा हात थांबला, आणि तो न पुसता त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

तो डाग अजून आहे. मेनू वर गेला आहे. डागाखाली आता काहीच नाही.