तिसऱ्या बाजूवरची शिट्टी

मी पेशाने फिटर. मशीन बंद पडलं की त्याला काहीतरी कारण असतं आणि ते सापडेपर्यंत हात काळे करायचे, एवढंच मला कळतं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो... अजूनही जातो. तेव्हा हे वाचून कुणी मला उतारा वगैरे सुचवू नये. घडलं ते लिहितोय, बस्स.

गाव मनोरी, काळ पन्नासच्या दशकातला. आम्ही तिथले जुने ख्रिस्ती, घरात बोलणं मराठीच. मी अंधेरीला कारखान्यात होतो, शनिवारी घरी यायचो. घरात आई, मी आणि मोनिका वहिनी — माझ्या थोरल्या भावाची, बस्त्यावची बायको. लग्नाला आठ महिने झाले नसतील, तोच बस्त्याव मिलिटरीचा ड्रायव्हर म्हणून लढाईवर इटलीला गेला. "बेपत्ता, मृत समजावे" असं सरकारी पत्र तेवढं आलं. आईने ते पेटीच्या तळाशी टाकलं आणि त्याच्या नावाने चर्चमध्ये मृतांसाठीची मिस्सा एकदाही होऊ दिली नाही. नऊ वर्षं वहिनी धड सधवा नाही, धड विधवा नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मार्वेच्या धक्क्यावर उशिरा पोचलेला माणूस तेव्हा खाडीपलीकडून शिट्टी मारायचा, मग त्याच्या घरचं कुणीतरी होडी घेऊन त्याला आणायला जायचं. ज्याची त्याची शिट्टी वेगळी, घरच्यांना ती बरोबर ओळखू यायची. बस्त्यावची दोन आखूड आणि एक लांब. पुढचा दात अर्धा तुटलेला असल्याने लांब शिट्टी शेवटी फाटायची.

त्या वर्षी वर्सोव्याच्या फ्रान्सिसने वहिनीला मागणी घातली. होड्या बांधणारा सुतार, विधुर, सरळ माणूस. फादरनी सरकारी पत्र पाहून परवानगी दिली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. आईने उघड विरोध केला नाही, पण बस्त्याव जिवंत आहे हे तिने मनात धरलंय ते आम्हाला दिसत होतं.

आई ज्या साहेबाच्या बंगलीवर स्वयंपाक करायची, तो त्याच सुमारास विलायतेला गेला आणि जाताना आपला ग्रामोफोन व रेकॉर्डींचा एक जाड अल्बम आम्हाला देऊन गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कुणा इटालियन संगीतकाराचं काम, नुसता ऑर्केस्ट्रा. दुसऱ्यांदा नावं वाचली त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी चावी भरली.

"ह्यात गानारा कवा येनार रे?" वहिनी हसत म्हणाली.

तिसऱ्या बाजूला, म्हणजे दुसरी रेकॉर्ड लावल्यावर, संगीत अगदी हळू झालं. एक पक्षी बोलला... खराखुरा पक्षी. आणि त्याच्यानंतर शिट्टी आली. दोन आखूड, एक लांब, शेवटी फाटलेली.

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "जोनी, बस्त्याव आलाय. होडी ने."

आणि मी — सांगायला लाज वाटते — वल्हं उचलून अंगणात पोचलोसुद्धा होतो. तिथे डोकं ताळ्यावर आलं. भर दुपार, ओहोटी लागलेली, खाडीवर चिटपाखरू नाही. घरात रेकॉर्ड वाजतच होती.

परत येऊन सुई मागे ठेवली. त्याच जागी तीच शिट्टी. सुई बदलून पाहिली, सुई ज्यात बसते तो साउंडबॉक्स खोलून साफ केला, वेग कमी-जास्त केला. प्रत्येक वेळी ती होतीच. वहिनीचा चेहरा उतरला होता. "पक्षी हाय तो," म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

संध्याकाळी आई फादरकडे गेली. "माजा पोर जिवंत हाय. ह्या लग्नाला माजी हरकत हाय."

शनिवारी दुपारी फादर स्वतः घरी आले. आधी अल्बममधला कागद नीट वाचला, मग तिसरी बाजू दोनदा ऐकली.

"मावशी, संगीतकाराने खऱ्या पक्ष्याचाच आवाज वापरलाय, इथे लिहिलंय. आणि हे रेकॉर्डिंग लढाईच्या आधीचं आहे. तेव्हा बस्त्याव इथेच होता, मनोरीत."

"मना लढाईची सालं नको सांगू, फादर. पोराची शिट्टी आय वलखनार नाय तर कोन वलखनार?"

फादर माझ्याकडे वळले. "जोनी, तू त्याचा भाऊ. ही त्याची शिट्टी आहे का?"

दारात वहिनी उभी होती. एकतीस वर्षांची बाई, नऊ वर्षं अशीच अडकून पडलेली. मी होय म्हटलं असतं तर लग्न तिथेच थांबलं असतं, आणि तिने आणखी किती वर्षं काढायची हे कुणीच सांगू शकलं नसतं.

"नाही, फादर," मी म्हणालो. "पक्षीच आहे."

आई उठून खाडीकडे चालू लागली. तिसऱ्या रविवारी नावं वाचली गेली, लग्न झालं, आई लग्नात जेवलीसुद्धा. पण माझ्याशी ती त्या शनिवारपासून बोलली नाही. संध्याकाळ झाली की खाडीवर जाऊन बसायची. मी हाका मारायचो, विनवायचो, रडलोसुद्धा. दुसऱ्या वर्षी ती गेली, तोवर तिच्या तोंडून एक शब्द ऐकायला मिळाला नाही.

तिला पुरून आलो आणि चार दिवसांनी ती रेकॉर्ड लावली. पक्षी होता. शिट्टी नव्हती. सुई बदलली, साउंडबॉक्स खोलला, सगळं पुन्हा करून पाहिलं... नव्हतीच.

वीसेक वर्षांनी वर्सोव्याला वहिनीच्या अंगणात बसलो असताना मी तिला हे सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. ती बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "मना तवाच ठाव होता. मीबी वलखली होती. मना लगीन करायचा होता रे, म्हनून गप ऱ्हायले."

त्या रेकॉर्डवर शिट्टी कुठून आली आणि नंतर कुठे गेली, याचं कारण फिटरच्या डोक्याला आजवर सापडलेलं नाही. त्या घरात आम्ही तिघांनी ती ओळखली. खरं बोलली ती एकटी आई, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला वेडी ठरवलं.