ह्यांचा घाम

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ह्यांना दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन असतं. आम्ही कोपरला राहतो; घराजवळच्या दवाखान्यात जाऊन हे एकटेच घेऊन येतात. बायकोसमोर सुई टोचून घ्यायची लाज वाटते म्हणे! त्या औषधाने ह्यांना पुढे महिनोन्महिने मधेच एकाएकी घाम फुटतो, कानशिलं लाल होतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं होतं, "आता कळलं, पन्नाशीत आमचं काय होतं ते?"

यंदा गणपतीत गावी मात्र हे अगदी टवटवीत. घाम नाही, चिडचिड नाही, आरतीत सगळ्यांच्या वर आवाज. मी खूश होते.

नवरात्रात ठाण्याला तपासणीला गेलो, तर पीएसएचा आकडा वर. त्यावरून ह्यांच्या आजाराची चाल कळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कदाचित कॅन्सर इंजेक्शनला दाद देईनासा झाला असेल." म्हणजे काय, मी विचारलं.

"काकू, पाणीकपात झाली की तुमच्याकडे लोक काय करतात?"

"मोठा पंप लावतात. कुणी बोअर मारतात."

"या पेशीही तेच करतात. पुरुषी हार्मोनवर त्या वाढतात, इंजेक्शन तो नळ बंद करतं. मग काही पेशी थेंबाथेंबावर भागवायला शिकतात, काही स्वतःच हार्मोन बनवू लागतात. पण आधी नळ खरंच बंद आहे का, ते बघू."

रक्तातल्या हार्मोनची तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत मी देवाशीही धड बोलले नाही.

नळ धो धो चालू होता. "काका, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?" बाईंनी विचारलं. हे छताकडे बघायला लागले.

"गणपतीच्या बरंच आधी, आषाढात घ्यायचं होतं. पण घामाने बेजार होऊन आरत्या कशा करणार? मग पितृपंधरवडा लागला. म्हटलं, आता दसऱ्यालाच घेऊ."

"अहो, सुईला मुहूर्त?" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स डोकावली. आणि लगेच मला रडू फुटलं. राग होताच, पण जीव भांड्यात पडला होता. आजार अजून शहाणा झाला नव्हता, आमचा माणूसच वेडेपणा करून बसला होता. घाम नव्हता तो त्यामुळेच.

"पुढे कधीतरी शिकेलही हा कॅन्सर," बाई म्हणाल्या, "तेव्हा दुसरी औषधं आहेत. आज तरी तसं वाटत नाही." सुई त्याच दिवशी टोचली, माझ्यासमोर.

डिसेंबरात आकडा खाली आला. त्याच आठवड्यात एका गार सकाळी मी शाल गुंडाळून चहा पीत होते, तर ह्यांनी पेपर बाजूला टाकला. कपाळ ओलंचिंब, कानशिलं लाल.

"अगं, पंखा लाव गं, जीव जातोय."

मी उठून पंखा पाचावर केला आणि शाल घट्ट ओढून त्या वाऱ्यात ह्यांच्या शेजारी बसून राहिले.