बाहेरच्या फळीवरचे राजाचे कप

पुनाजीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हिंगणघाटात हिमालय चालत आला असं वाटलं. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुटलेला तो सहा फुटी गडी, डोक्यापासून टाचेपर्यंत कापूस! मिशा झटकल्या असत्या तर दोन गाद्या सहज भरल्या असत्या. मी दचकून बाकावर पाय वर घेतले.

बाक रूपरावच्या चहाच्या हॉटेलातला. पुनाजी महारवाड्यातला, म्हणून उभा बाहेर. त्याचा कप बाहेरच्या फळीवर. रूपराव वरून चहा ओतायचा, पुनाजी पिऊन कप स्वतः विसळून ठेवायचा. आम्ही हे रोज पाहायचो आणि कापसाचा भाव बोलायचो.

चोपन्न साली रूपरावने नागपूरच्या लिलावात कुण्या संस्थानिकाचे सहा कप घेतले. उजेडात धरले तर पलीकडचं बोट दिसे. वर मुकुट, ढाल, दोन सिंह. मी शाळामास्तर, गप्प कसा बसणार?

"रूपराव, हे बोन चायना. यात गुराच्या हाडांची राख असते."

"हाडं? अन् मी यातून देवाले दूध दाखवलं! मास्तर, आधी काऊन नाई सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सहाही कप बाहेरच्या फळीवर गेले.

पुनाजी सिंहांकडे बघत म्हणाला, "राजाचे कप आमाले, अन् तुमाले तडकलेला गिलास! मास्तर, तुमचं कसं होईन जी?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

छप्पनच्या ऑक्टोबरात पुनाजी नागपूरहून दीक्षा घेऊन आला. पांढरे शुभ्र कपडे, अंगावर कापसाचा कण नाही. सरळ आत येऊन माझ्या शेजारी बसला.

"रूपराव, चहा द्या. आतल्या गिलासात."

"तुहा कप बाहेर हाय ना बा, सिंव्हाचा!"

"सिंव्ह तुमीच ठेवा. मले तडकलेला चालते."

रूपरावने माझ्याकडे पाहिलं. पुनाजीनेही.

"मास्तर, तुमी सांगा न जी. हाडाचं तुमीच सांगतलं होतं. तुमचं आयकते थो."

वर्गात पाच तास न थकणारं माझं तोंड! मी वर्तमानपत्र उघडलं. कालचं होतं, वाचून झालेलं. तरी जाहिरातींपर्यंत सगळं पुन्हा वाचलं. चुलीवर चहा उतू गेला. बाक एका बाजूने हलका झाला, तेव्हा मान वर केली.

पुनाजी पुन्हा त्या हॉटेलात आला नाही. ते कप रूपरावने मला देऊन टाकले. पाच फुटले, सहाव्यात मी दाढीचा ब्रश ठेवतो.