व्यपगत विधेयक आणि दुधी भोपळा

पाहुण्यांचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पूर्वी वर्तमानपत्रात उपसंपादक होते आणि दुबईतल्या आमच्या मराठी मंडळात तेवढी पात्रता पुरते. पाहुणे विधान परिषदेचे माजी आमदार. शारजाला मुलाकडे राहायला आले होते. मंडळाच्या सेक्रेटरींना हे कळलं आणि वार्षिक कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे मिळाले.

"वहिनी, एक पान. जरा भारदस्त होऊ द्या," सेक्रेटरी फोनवर म्हणाले. "कार्यसम्राट वगैरे."

"कोणतं कार्य?"

"ते तुम्ही बघा ना. पत्रकार तुम्ही."

मी बघितलं. विधिमंडळाचं कामकाज छापलं जातं, ते वाचायलाही मिळतं. वाचत कोणी नाही, एवढंच. हाती लागलं ते असं. आधी तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक. मग शिक्षक मतदारसंघातून परिषदेवर. एकच टर्म. मंत्रिपद नाही. प्रश्न बरेच विचारले, त्यातले बहुतेक शिक्षकांच्या थकलेल्या पगाराचे. पक्ष एकदा बदलला, मग मूळ पक्षात परत आले. आणि एक अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे, आमदाराने स्वतः मांडलेलं: सरकारी कार्यक्रमांत पाहुण्यांसाठी शाळकरी मुलांना ताटकळत ठेवू नये, मुलांचा कार्यक्रम आधी, हारतुरे नंतर. ते चर्चेला आलंच नाही. आमदारांची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झालं. सभागृहाच्या भाषेत व्यपगत म्हणजे कोणी न मारता मेलं.

पडताळणीसाठी पाहुण्यांनाच फोन केला.

"ते विधेयक कशाला घालताय, ताई?" ते म्हणाले. "त्या अधिवेशनात प्रत्येक जण मला लॉबीत विचारायचा, काय गुरुजी, आज हार नको ना?"

"पण मांडलं होतं ना?"

"मांडलं होतं. म्हणून तर म्हणतोय."

मजकूर सेक्रेटरींना पाठवला. फोन लगेच आला.

"वहिनी, हा परिचय आहे की पंचनामा? पक्ष बदलला, विधेयक मेलं! अहो, माणूस स्टेजवर समोर बसलेला असणार!"

"पक्ष बदलला तेव्हाही समोरच होते."

"खलास. मी बघतो आता."

त्यांनी बघितलं. एका पानाची तीन पानं झाली. पक्ष गेला, विधेयक गेलं. कार्यसम्राट आले, तळागाळातले आले, दूरदृष्टी दोन ठिकाणी आली.

ही तीन पानं स्टेजवरून वाचणार होती माझी मुलगी. वय चौदा, जन्म इथलाच. नव्या पिढीने शुद्ध मराठीत वाचलं की आईवडिलांचे डोळे भरून येतात आणि ते मंडळाची वर्गणी वेळेवर भरतात, असं सेक्रेटरींचं मत आहे. मुलगी तयार झाली, पण तिची एक अट होती. तिने लिहिलेली आणि बसवलेली नाटुकली झालीच पाहिजे.

या अटीला कारण होतं. आदल्या वर्षी पाहुणे उशिरा आले, मग देणगीदारांचे सत्कार लांबले आणि हॉलची वेळ संपली. मुलांचा कार्यक्रम शेवटी होता, तो झालाच नाही. मुलं मेकअप आणि पोशाखासकट घरी गेली. आमच्या गाडीत एक वांगं शारजा येईपर्यंत रडत होतं. ते वांगं म्हणजे माझी मुलगी. या वर्षी ती दिग्दर्शक होती. नाटुकलीत भाज्यांची सभा भरते आणि अध्यक्ष कोणी व्हायचं यावरून भांडण लागतं. संवाद तिने रोमन लिपीत लिहिले होते, कारण भाज्यांपैकी निम्म्यांना देवनागरी वाचायला वेळ लागतो.

"अंकल, धिस टाइम प्रॉमिस?" तिने सेक्रेटरींना विचारलं होतं.

"प्रॉमिस, बेटा. इन्शाल्ला."

गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "आई, ही सेड इन्शाल्ला. वी आर डेड." इकडे इन्शाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर, आणि बहुधा ती नसते.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांचा मुलगा म्हणाला होता, मी बाबांना वेळेत सोडतो. सेक्रेटरींना ते पटलं नाही. प्रमुख पाहुणे असे आपापले येतात का? त्यांना आणायला जायचं असतं. म्हणून संध्याकाळी, दुबईत काम करणारे सगळे शारजाला घरी निघतात त्याच वेळी, सेक्रेटरीही शारजाच्या दिशेला निघाले. बराच वेळ त्यांचा एकच मेसेज येत राहिला: "ट्रॅफिक. पोचतोच."

इकडे दुबईत, ऊद मेथा भागातला हॉल भरला होता. दीपप्रज्वलनाशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही आणि पाहुण्यांशिवाय दीपप्रज्वलन होत नाही. पडद्यामागे भाज्या स्पंजच्या पोशाखात उभ्या होत्या. कोथिंबिरीची कागदी पानं गळत होती. टोमॅटोला बाथरूमला जायचं होतं, पण तो दारातून जात नव्हता. दुधी भोपळ्याला बसता येत नव्हतं. त्याच्या आईने त्याला भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि ती स्ट्रॉने ज्यूस पाजत होती. हॉलचा मॅनेजर येऊन घड्याळावर बोट ठेवून गेला. "नाइन ओ'क्लॉक, लाइट्स ऑफ."

पाहुणे आले. समई लागली. स्टेजवर देणगीदार ओळीने बसले आणि टेबलावर शालींचा ढीग आला. तो ढीग बघून मुलगी विंगेतून माझ्याकडे आली.

"आई, तुझी वाली कॉपी फोनवर आहे? द ओरिजिनल?"

"आहे. का?"

"जस्ट सेंड."

मी पाठवली. आमच्या धंद्यात मूळ प्रत मागितली तर देतात.

तिने माइकवर जाऊन तीन पानं बाजूला ठेवली आणि फोन काढला. मुख्याध्यापक, शिक्षक मतदारसंघ, एक टर्म. हॉल शांत होता. "पक्ष एकदा बदलला, मग मूळ पक्षात परत आले," हे तिने बातम्या देतात तशा सुरात वाचलं आणि मागच्या रांगांत हशा पिकला. सेक्रेटरी खुर्चीच्या कडेला सरकले. मग विधेयक. मुलांचा कार्यक्रम आधी, हारतुरे नंतर, हे तिने सावकाश वाचलं. पुढच्या शब्दाला ती अडखळली.

"विधेयक व्य... व्यप... आय मीन, ते मेलं."

मग फोन खाली करून तिने पाहुण्यांकडे बघितलं.

"साहेब, परिचय संपला. आमचा दुधी भोपळा दुपारपासून उभा आहे."

हॉलमध्ये पहिले हसले ते पाहुणे. उठून माइककडे आले. सेक्रेटरी शाल घेऊन पुढे झाले, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं.

"सेक्रेटरी महोदय, हे विधेयक तिकडे मताला आलं नाही. इकडे टाकतो. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

आईवडिलांनी होय म्हटलं. पडद्यामागून भाज्यांनी "येस्स!" म्हटलं.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

स्टेजवरच्या एका देणगीदारांनी बारीक आवाजात नाही म्हटलं.

"आपली नोंद घेतली," पाहुणे म्हणाले. "होयचे बहुमत. विधेयक मंजूर. यल्ला, भोपळ्याला आणा!" आणि देणगीदारांना घेऊन ते खाली पहिल्या रांगेत जाऊन बसले.

नाटुकली झाली. टोमॅटो संवाद विसरला आणि बाकीचं इंग्रजीत बोलला. भोपळा अध्यक्ष झाला, तरी त्याला खुर्चीत बसता आलं नाही. त्याने उभ्यानेच सभा संपवली. शेवटच्या टाळ्या चालू असताना मॅनेजरने दिवे घालवले.

सत्कार पार्किंगमध्ये झाले. दमट उकाड्यात, एका गाडीच्या बॉनेटवर नारळ ठेवून, सेक्रेटरींनी पाहुण्यांना लोकरी शाल घातली. भाषणाची वेळ गेली होती. पाहुणे घाम पुसत माझ्या मुलीजवळ आले.

"व्यपगत म्हणता येत नाही का तुला?"

"सॉरी, आजोबा."

"राहू दे. आता त्याचं काही काम नाही."

ते मुलाच्या गाडीतून गेले; सेक्रेटरींनी सोडायला येण्याचा आग्रह केला नाही. सेक्रेटरी शालींची पिशवी उचलत होते, तेव्हा मुलगी त्यांच्यासमोर उभी राहिली. मागे भोपळ्याला त्याची आई आडवा करून गाडीत भरत होती.

"अंकल, नेक्स्ट इयर पण आधी आमचं?"

"प्रॉमिस, बेटा," सेक्रेटरी म्हणाले. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तिने बोट वर केलं.

"बरं बाई," ते म्हणाले. "नुसतं प्रॉमिस."