समुद्राची ओटी

माझा धाकटा भाऊ दूरच्या तेलुगू मुलखात, समुद्रकाठच्या एका जुन्या, बड्या हॉटेलात पाहुण्यांना वास्तू फिरवून दाखवतो. तेलुगू शाळेत शिकल्याचा एवढा फायदा आमच्या जैनथ गावच्या मराठी घरात दुसऱ्या कुणाला झाला नाही. मायला मात्र ती नोकरी डाचत होती. गेल्या हिवाळ्यात ती मला घेऊन निघाली, ती त्याला परत आणायचं ठरवूनच.

भावानं आम्हालाही पाहुण्यांसारखंच फिरवलं. कुण्या जमीनदारानं आजारी बायकोला हवा मानवावी म्हणून हा महाल बांधला. ती वर्षभरही जगली नाही. मग गोरे साहेब आले, मग हॉटेल झालं. नाचघराची जमीन सागवानी, तीही आपल्याकडच्या जंगलातली, असं तो ऐटीत म्हणाला. मायनं वाकून तिला हात लावला. व्हरांड्यात जुना फोटो होता: हॉटेलापुढे बाग, बागेपुढे टेनिसचं मैदान आणि मग कुठे समुद्र.

"बाग कोठी गेली रे?" मायनं विचारलं.

"समुद्रानं खाल्ली. पाहुण्यायले हेच लय आवडते, माय."

आम्ही पैनगंगेकाठची माणसं. पाणी कड खातं म्हणजे काय, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. नोकरांच्या खोल्या समुद्राकडच्या भिंतीला लागूनच होत्या. भावाच्या खोलीत मी भिंतीला हात लावला, तर ती ओली.

"चाल घरी," माय म्हणाली.

"अन् घरी येऊन काय करू? वांगे तोडू?"

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती म्हणाली, "मंग मले ओटी तरी भरू दे."

आमच्याकडे नवी नदी पाहिली की तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडायचे, वळायचं आणि मागे न बघता काठ चढायचा. धार ते घेऊन जाते. मायनं इथंही तेच केलं. "माहं लेकरू तुह्या पदरात हाय," म्हणाली आणि पाठ फिरवली. समुद्राला पाठ दाखवायची नसते, हे आम्हाला कोण सांगणार? लाटेनं तिला आडवी केली. भाऊ कपड्यांनिशी धावला, तिला ओढून वाळूवर आणली. मागून नारळही परत आला.

"घेतलं नाई त्यानं," एवढंच माय म्हणाली. भावाची कामाची वेळ झाली होती, तो कपडे बदलायला गेला. आम्ही दोघीच परतलो.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. माय एकच विचारते, "पाणी किती दूर हाय?" तो म्हणतो, "लय दूर हाय." तिला हल्ली कमी ऐकू येतं, मला येतं. या पावसाळ्यात त्याला फोनवर लाटांच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडून बोलावं लागतं. मला फार भीती वाटते.

काल मायनंही फोन कानाशी घट्ट धरला. "हा कायचा आवाज होऊन राह्यला?"

"पंखा हाय, माय," मी म्हणाले.